डी'सोझांचं खातं तीनदा का निघालं?

म्हापशातल्या एका घाऊक हार्डवेअर दुकानाचा उधारीचा हिशेब दोन महिने जुळत नव्हता. मालकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा संशय काउंटरवरच्या मुलावर होता, आणि तो मुलगा मान खाली घालून बाजूला उभा होता. मी बिलिंगचा प्रोग्रॅम उघडून खाती चाळली, तर एकाच गिऱ्हाइकाची तीन खाती निघाली. एकात पत्रे आणि पाइप यांची उधारी, दुसऱ्यात त्यांनी वेळोवेळी दिलेले पैसे जमा, तिसऱ्यात नुसतं नाव आणि फोन नंबर. तिन्ही ठिकाणी आडनाव जरा जरा वेगळं लिहिलेलं: एकात डी आणि सोझा सलग, एकात मधे मोकळी जागा, एकात मधे टिंब.

"असं वेगवेगळं का लिहितोस?" मी विचारलं.

"सर, मधलं ते वरचं चिन्ह टाकलं की लाल चौकट येते आणि भरलेलं सगळं बिल जातं. आधी होता त्या मुलानं मला सांगितलेलं, ते चिन्ह टाकूच नको म्हणून."

मी त्याच्यासमोर ते चिन्ह टाकून पाहिलं. लाल चौकट आली. सोझा या शब्दाच्या आसपास वाक्यरचना चुकली आहे, असं तीत इंग्रजीत लिहिलं होतं. त्या क्षणी हिशेबाचा घोळ माझ्यासाठी मागे पडला. गिऱ्हाइकाचं आडनाव डेटाबेसनं, म्हणजे प्रोग्रॅमची सगळी माहिती सांभाळणाऱ्या यंत्रणेनं, नाव म्हणून वाचलं नव्हतं, त्यानं ते हुकमाचा भाग म्हणून वाचलं होतं. आणि ज्या प्रोग्रॅममध्ये आडनाव हुकमात मिसळू शकतं, तिथे कुणीही टाइप केलेला कुठलाही मजकूर हुकूम होऊ शकतो.

गोव्यात हे लवकर उघडं पडतं. डी'सोझा, डी'मेलो, डी'कॉस्ता, डी'क्रूझ, डी'सा ही आपल्या शेजाऱ्यांची आडनावं आहेत. इथला कुठलाही बिलिंग प्रोग्रॅम पहिल्या आठवड्यातच या चिन्हाला सामोरा जातो. तरीही दुकानादुकानांतून "ते चिन्ह टाकू नको" हाच सल्ला वर्षानुवर्षं चालतो, आणि त्यामागची खरी गोष्ट कुणी सांगत नाही. आता दुकानं, पतसंस्था, देवस्थानांचे पावती काउंटर असे सगळेच जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम ठेवून सोबत वेबही मागू लागले आहेत, तेव्हा ती गोष्ट नीट समजून घ्यायलाच हवी.

वाक्य आणि त्यातला माल

डेटाबेस म्हणजे कपाटापुढे बसलेला कारकून समजा. कपाटातलं काय हवं ते त्याला वाक्यात सांगावं लागतं. त्या वाक्याला क्वेरी म्हणतात आणि ते ज्या भाषेत लिहितात ती एसक्यूएल. १९७४ साली आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती मांडली तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं, आणि त्या नावातच इंग्रजी हा शब्द दडलेला होता. प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसालाही साध्या इंग्रजीच्या जवळ जाणाऱ्या वाक्यात माहिती विचारता यावी, असा हेतू होता. तो हेतू चांगलाच होता. पण वाक्यासारखी भाषा म्हटली की हुकूम कुठे संपतो आणि माल कुठे सुरू होतो, हे फक्त चिन्हांवरून ओळखावं लागतं.

खऱ्या क्वेऱ्या रोमन अक्षरांत असतात, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितो:

सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = 'नाईक'

ग्राहकांच्या तक्त्यातून आडनाव नाईक असलेल्या सगळ्या ओळी दे, एवढाच याचा अर्थ. नाईक या शब्दाच्या दोन्ही बाजूंना जे सिंगल कोट आहेत, ते कारकुनाला सांगतात की यामधला मजकूर हा माल आहे. आता जुन्या प्रोग्रॅमनं काय केलं होतं पाहा. त्यानं वाक्याचा पहिला तुकडा घेतला, त्याला खिडकीत टाइप केलेलं आडनाव चिकटवलं आणि शेवटी एक कोट लावला. नाईक, गावकर, फर्नांडिस असेपर्यंत सगळं ठीक. डी'सोझा आले आणि वाक्य असं झालं:

सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = 'डी'सोझा'

आडनावातलं चिन्ह आणि सिंगल कोट ही एकच खूण, म्हणून कारकुनाच्या लेखी माल डी या अक्षराशीच संपला. पुढचा सोझा त्याला हुकूम वाटला, तसा हुकूम त्याला ठाऊक नाही, म्हणून लाल चौकट.

डी'सोझांचा हेतू काहीच नव्हता. पण वाईट हेतूचा माणूस त्याच खिडकीत आडनावाऐवजी हे टाइप करू शकतो:

क' ऑर '१'='१

मग वाक्य बनतं:

सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = 'क' ऑर '१'='१'

आडनाव क असलेले, किंवा एक बरोबर एक असेल ते. एक बरोबर एक नेहमीच असतं, त्यामुळे सगळे ग्राहक, त्यांचे फोन, त्यांची उधारी, सगळं पडद्यावर येतं. लॉगिनची खिडकी अशाच पद्धतीनं लिहिलेली असेल तर पासवर्ड ठाऊक नसतानाही दार उघडतं. थोडा अधिक माहितगार माणूस युनियन हा शब्द वापरून दुसऱ्याच तक्त्यातली माहिती याच खिडकीत ओढून आणतो. एका वाक्यापुढे अर्धविराम देऊन तक्ता पुसण्याचा हुकूम जोडता येतो, असंही तुम्ही ऐकलं असेल. ते दर वेळी जमत नाही, कारण काही ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांना जोडणारे दुवे, एका वेळी एकच हुकूम स्वीकारतात. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. चोरी वाचूनही होते, त्यासाठी पुसावं लागत नाही.

याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. हे काल-परवा सापडलेलं नाही. डिसेंबर १९९८ मध्ये हॅकर मंडळींच्या फ्रॅक या नियतकालिकाच्या ५४व्या अंकात जेफ फॉरिस्टल यांनी ते जाहीरपणे मांडलं. त्यानंतर सतरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीतून याच मार्गानं दीड लाखाहून जास्त ग्राहकांची माहिती गेली. त्यांतल्या १५,६५६ जणांचे बँक खात्याचे तपशीलही गेले. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड केला. चौकशीत निघालं की दोष असलेली पानं टॉकटॉकनं २००९ मध्ये विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीकडून आलेली होती, आणि ती आपल्याकडे आहेत याचाच कुणाला नीट पत्ता नव्हता. हे वाचताना मला म्हापशातलं दुकान आठवतं. तिथलाही प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच निघून गेला होता, आणि प्रोग्रॅमच्या आत काय आहे ते मालकांना कुणी सांगितलं नव्हतं.

छापील अर्जाची युक्ती

उपाय सोपा आहे आणि तो प्रोग्रॅमिंगच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत तयार मिळतो. मामलेदार कचेरीतला छापील अर्ज डोळ्यांपुढे आणा. वाक्य आधीच छापलेलं असतं, मधे रिकाम्या जागा असतात. नावाच्या जागी कुणी "आणि माझ्या नावावर दहा एकर जमीन करा" असं लिहिलं तरी अर्जाचा अर्थ बदलत नाही. फार तर एवढंच म्हणता येईल की या अर्जदाराचं नाव विचित्र आहे.

क्वेरीचंही तसंच करायचं. वाक्य आधी पाठवायचं, मालाच्या जागी फक्त खूण ठेवायची, आणि माल वेगळा द्यायचा. याला पॅरामीटर असलेली क्वेरी म्हणतात. कोडमध्ये फरक एवढासा दिसतो. चुकीचं हे:

एक्झिक्यूट("... व्हेअर आडनाव = '" + आडनाव + "'")

बरोबर हे:

एक्झिक्यूट("... व्हेअर आडनाव = ?", [आडनाव])

पहिल्यात अधिक चिन्ह आहे: दोन तुकडे चिकटले आणि एकच वाक्य झालं. दुसऱ्यात स्वल्पविराम आहे: वाक्य एक, माल दुसरा. प्रश्नचिन्हाभोवती कोट नाहीत, तेही मुद्दाम. ते लावलेत तर डेटाबेस आडनाव खरोखरच प्रश्नचिन्ह आहे असं समजून शोधत बसतो. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात) प्रश्नचिन्हाऐवजी टक्का आणि एस अशी खूण असते. तिथेही खुणेभोवती कोट लावायचे नाहीत आणि प्रोग्रॅमिंग भाषेतली मजकूर जोडायची सोय वापरून आडनाव वाक्यात ओतायचं नाही.

आत काय घडतं ते पोस्टग्रेस या डेटाबेसच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. तिथे एका क्वेरीचे तीन निरोप जाऊ शकतात. पहिला पार्स: वाक्य वाच आणि समजून घे. दुसरा बाइंड: या रिकाम्या जागेत हा माल ठेव. तिसरा एक्झिक्यूट: आता काम कर. दुसरा निरोप पोचतो तेव्हा वाक्याचा अर्थ लावून झालेला असतो. मग मालात कोट असोत, ऑर असो, अर्धविराम असो, अर्थ पुन्हा लावला जात नाही. काही ड्रायव्हर हे तीन निरोप पाठवत नाहीत. ते शेवटच्या क्षणी स्वतःच माल सुरक्षित करून वाक्यात बसवतात. तरीही ते काम आपल्या हातातून ड्रायव्हरकडे गेलेलं असतं, आणि कनेक्शनवर अक्षरं कोणत्या संकेतात (एन्कोडिंगमध्ये) जातात हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

"आम्ही एका कोटाचे दोन कोट करून टाकतो, मग चालतं की," असं सांगणारे भेटतात. डी'सोझांपुरतं ते चालतं. पण बिल नंबरासारख्या आकड्याभोवती मुळात कोटच नसतात, तिथे दुप्पट करायला काही नाही. दोनशे ठिकाणी हे हातानं करायचं आणि एका ठिकाणी विसरलं की ते एक ठिकाण पुरेसं होतं. मी हा मार्ग कुणालाही सुचवत नाही.

त्याहून मला राग येतो तो नावंच नाकारणाऱ्या खिडक्यांचा. "आडनावात फक्त अक्षरं चालतील," "किमान चार अक्षरं हवीत." पै हे आडनाव रोमनमध्ये तीन अक्षरांचं आहे. पोर्तुगीज काळापासून प्रभूचं पोरोब, शेणवीचं सिनाय असं लिहिणारी घराणी इथे आहेत. माणूस आपलं नाव जसं लिहितो तसंच ते खात्यावर यायला हवं. नावातलं चिन्ह काढायला लावून प्रोग्रॅम वाचवायचा म्हणजे आपली चूक गिऱ्हाइकाच्या नावावर ढकलणं आहे. त्यातून पुढे काय होतं ते त्या तीन खात्यांनी दाखवलंच.

पॅरामीटर सगळीकडे पोचत नाही, हेही लक्षात ठेवा. माल त्यात बसतो. तक्त्याचं नाव, रकान्याचं नाव, यादी चढती की उतरती, हा अर्जाचा छापील भाग आहे, तो रिकाम्या जागेत भरता येत नाही. वेबवर "उधारीनुसार लावा" असं बटण दिलं आणि रकान्याचं नाव ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीतून जसंच्या तसं घेतलं, तर पुन्हा तेच भगदाड पडतं. तिथे आपली छोटी यादी ठेवायची: नाव, उधारी, तारीख. यादीतलं असेल तर घ्यायचं, नसेल तर नेहमीचं लावायचं. आणि एकदा नीट साठवलेला माल नंतर दुसऱ्या रिपोर्टमध्ये अधिक चिन्हानं चिकटवला तरीही घात होतो. आपल्याच डेटाबेसमधून आलाय म्हणून तो मजकूर विश्वासाचा ठरत नाही.

गोदामातून स्टॉक बघायचा आहे

मालकांची खरी मागणी वेगळीच होती. करासवाड्याला त्यांचं गोदाम आहे. तिथल्या माणसाला दुकानाचा स्टॉक दिसावा, बिल तिथूनही करता यावं, आणि रात्री घरी आपल्याला मोबाइलवर दिवसाची विक्री बघता यावी. रास्त मागणी आहे. आधीच्या माणसानं ती एका दुपारी सोडवली होती. दुकानाच्या राउटरमधला ३३०६ हा मायएसक्यूएलचा, म्हणजे दुकानाच्या डेटाबेसचा, दरवाजा इंटरनेटसाठी उघडला आणि गोदामातल्या कॉम्प्युटरवर तोच डेस्कटॉप प्रोग्रॅम बसवला. चालत होतं. लॉग, म्हणजे डेटाबेसची नोंदवही, उघडला तर अनोळखी पत्त्यांवरून रूट या सगळे हक्क असलेल्या खात्याच्या नावानं लॉगिन करण्याचे प्रयत्न रात्रंदिवस सुरू होते.

उघड्या दारापाशी कुणीतरी येतंच. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा किडा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ क्रमांकाच्या दारातून सुटला आणि दहा मिनिटांत जगभरातली बहुतेक दुबळी यंत्रं त्यानं गाठली, किमान ७५,००० तरी. त्यासाठी क्वेरीत चूक असावी लागली नाही. दार बाहेरून पोचण्याजोगं होतं आणि सहा महिने आधी आलेली दुरुस्ती बसवलेली नव्हती, एवढं पुरलं.

शिवाय डेस्कटॉप प्रोग्रॅम थेट डेटाबेसशी बोलतो तेव्हा डेटाबेसचा पासवर्ड त्या प्रोग्रॅमच्या फाइलीत कुठेतरी असतोच. लपवला, उलटासुलटा करून ठेवला, तरी प्रोग्रॅमला तो वाचता येतो म्हणजे ज्याच्या हातात प्रोग्रॅम आहे त्यालाही वाचता येतो. गोदामातून कुणी पेन ड्राइव्हवर प्रोग्रॅमची कॉपी घेऊन गेला की अख्ख्या दुकानाच्या वहीची किल्ली गेली. आणि "बिल पुसण्याचं बटण फक्त मालकांना दिसेल" हा नियम जर डेस्कटॉपच्या खिडकीत लिहिलेला असेल, तर किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला ती खिडकी लागतच नाही.

म्हणून मधे वेब फ्रेमवर्क बसवायचं: जँगो, लाराव्हेल, जे तुम्हाला येतं ते. डेटाबेसशी फक्त तेच बोलेल. डेस्कटॉप आणि मोबाइल त्याच्याशी बोलतील, तेही एचटीटीपीएसवरून, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा वाटेनं.

इथे एक मोह होतो, आणि तो सगळ्यांत घातक आहे. डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये शेकडो क्वेऱ्या आधीच लिहिलेल्या असतात. त्या कोण बदलणार? मग कुणीतरी सर्व्हरवर एकच पान लिहितं: डेस्कटॉपनं क्वेरीचा मजकूर पाठवायचा, पानानं तो चालवायचा, उत्तर परत द्यायचं. दोन दिवसांत काम होतं. मी हे दुसऱ्या एका ठिकाणी बघितलंय, आणि लिहिणारा मुलगा हुशार होता. "लॉगिन ठेवलंय, एचटीटीपीएस आहे, सर," तो म्हणाला. त्याला मी एकच विचारलं: ज्याच्याकडे साधं लॉगिन आहे, त्यानं डेस्कटॉपऐवजी स्वतः लिहिलेली क्वेरी पाठवली तर? तो गप्प झाला. तिथे इंजेक्शन करायची गरजच उरत नाही, कारण आपण हुकूमच बाहेरून मागवतो आहोत. पॅरामीटर वापरूनही उपयोग नाही, कारण वाक्यच परक्याचं. ३३०६ चा दरवाजा बंद करून तोच ४४३ वर, एचटीटीपीएसच्या दरवाजावर, उघडल्यासारखं आहे ते.

सर्व्हरला क्वेरी पाठवायची नाही, काम सांगायचं. "१०४२ नंबरचं बिल दे." "या ग्राहकाच्या नावावर या तीन वस्तूंचं बिल कर." त्या कामासाठी कोणती क्वेरी लागते ते सर्व्हर ठरवतो, आणि त्याच्याकडच्या क्वेऱ्या मोजक्या, आधी लिहिलेल्या, तपासलेल्या असतात. आमच्या दुकानासाठी अशी सव्वीस कामं निघाली. डेस्कटॉपमध्ये क्वेऱ्या चारशेच्या वर होत्या, पण मुळात लोक करत होते ती कामं सव्वीसच.

काम मागणाऱ्याचा हक्क दर वेळी तपासायचा. लॉगिन झालं म्हणून १०४२ दाखवलं, उद्या कुणी १०४३ टाकून दुसऱ्याचं बिल बघेल. ते बिल त्याला बघायची परवानगी आहे का, हा प्रश्न प्रत्येक कामात लिहिलेला हवा. भाव डेस्कटॉपकडून घ्यायचा नाही, वस्तू आणि नग घ्यायचे आणि भाव आपल्या तक्त्यातून लावायचा. सूट द्यायची असेल तर ती वेगळी मागणी, वेगळ्या हक्काची. नग उणे आला तर नाकारायचा, नाहीतर उणे पाच पत्र्यांचं बिल म्हणजे गिऱ्हाइकाला पैसे परत.

फ्रेमवर्कमुळे एक वेगळी अडचण येते, तिच्यात बरेच जण फसतात. जँगोत सीएसआरएफ नावाचा पहारा असतो. ब्राउझर लॉगिनची खूण असलेली कुकी आपोआप पाठवतो, त्याचा फायदा घेऊन दुसऱ्या साइटनं तुमच्या नावानं मागणी करू नये म्हणून तो असतो. डेस्कटॉपकडून काही भरणारी किंवा बदलणारी मागणी गेली की हा पहारा ती अडवतो. मग वैतागून लोक तो पहारा सगळ्या साइटसाठीच बंद करतात. असं करू नका. डेस्कटॉपला कुकीऐवजी टोकन द्या. लॉगिन झाल्यावर सर्व्हर एक टोकन, म्हणजे ओळखीचा गुप्त मजकूर, देतो, प्रत्येक मागणीच्या हेडरमध्ये (वरच्या माहितीत) ते जातं, ठरावीक वेळानं संपतं, माणूस काम सोडून गेला की आपण ते रद्द करतो. ब्राउझर टोकन स्वतःहून पाठवत नाही, त्यामुळे त्या वाटेवर सीएसआरएफची भीती राहत नाही. मालक मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बघतात त्या पानांवर पहारा जसाच्या तसा ठेवा. आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची चूक दाखवतंय म्हणून डेस्कटॉपमधली प्रमाणपत्राची तपासणी बंद करायचीही सवय दिसते. तसं केलं तर एचटीटीपीएस असूनही मधला माणूस सगळं वाचू शकतो.

पाऊस, लाईट आणि दोनदा झालेलं बिल

सुरक्षित म्हणताना आपण चोराचाच विचार करतो. जुलैत म्हापशात पाऊस कोसळत असतो, लाईट जाते, राउटर बंद पडतो, आणि त्याच वेळी गोदामातून बिल पाठवलेलं असतं. बिल सर्व्हरला पोचलं, साठवलं गेलं, पण "झालं" हा निरोप परत यायच्या आधी नेट गेलं. गोदामातल्या माणसाला चूक दिसते. तो पुन्हा बटण दाबतो. दोन बिलं, दोनदा स्टॉक वजा. थेट डेटाबेसशी बोलतानाही हे होतंच, पण वेब मधे आलं की वारंवार होतं.

यावरची युक्ती मला फार आवडते. बिलाची खिडकी उघडते त्याच क्षणी डेस्कटॉप त्या बिलाला एक लांबलचक ओळखक्रमांक देतो, जो पुन्हा कधी जुळणार नाही. बिल कितीदाही पाठवा, क्रमांक तोच. डेटाबेसमध्ये त्या रकान्याला अट असते की तो क्रमांक दोनदा येऊ शकत नाही. दुसऱ्यांदा तेच बिल आलं की सर्व्हर नवीन करत नाही, पहिल्या बिलाचा नंबर परत देतो. माणसानं घाबरून पाच वेळा बटण दाबलं तरी बिल एकच.

स्टॉकचंही असंच. दुकानात आणि गोदामात दोघांनी एकाच वेळी पाहिलं, दहा पत्रे शिल्लक. दोघांनी आठ-आठ विकले. प्रत्येकानं दहातून आठ वजा करून "आता दोन" असं लिहिलं, आणि कागदावर सोळा पत्रे विकले तरी दोन उरले. म्हणून नवा आकडा लिहायचा नाही, वजा करायला सांगायचं, तेही अटीसह:

अपडेट माल सेट शिल्लक = शिल्लक - ८ व्हेअर वस्तू = ? अँड शिल्लक >= ८

आणि किती ओळी बदलल्या ते बघायचं. शून्य आलं तर माल नाही, बिल थांबवायचं. बिल लिहिणं आणि स्टॉक वजा करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये: दोन्ही होतील किंवा एकही नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. वेब ज्या खात्यानं डेटाबेसला जोडतो, त्याला वाचणं, भरणं, बदलणं एवढेच हक्क द्या, तक्ता पुसण्याचा देऊ नका. रात्रीच्या रिपोर्टसाठी फक्त वाचणारं वेगळं खातं. चूक झाली तर वापरणाऱ्याला "बिल झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा" एवढंच दाखवा, वाक्यरचनेचा तपशील सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊ द्या. ती लाल चौकट परक्या माणसाला तुमच्या तक्त्यांचा नकाशा शिकवते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती जपण्याची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो, हे मी मालकांना सांगितलं. ते ऐकून ते जरा सरळ बसले. पण राउटरमधला तो दरवाजा बंद करायला ते तयार झाले ते लॉगमधले रूटचे प्रयत्न स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर.

सगळं एका दिवशी बदललं नाही, बदलूही नये. आधी फक्त बघायची कामं वेबवर आणली: स्टॉक, उधारी, दिवसाची विक्री. मालकांना मोबाइलवर आकडे दिसू लागले आणि डेस्कटॉप जुन्याच वाटेनं बिलं करत राहिला. मग पैसे जमा करणं, मग बिलं. दोन आठवडे डेस्कटॉपची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी चालली. डेटाबेसच्या लॉगमध्ये थेट जोडणी करणारं कुणी उरलं नाही हे तीन दिवस पाहून मगच ३३०६ बंद केला आणि जुना पासवर्ड बदलला. त्या दिवशी गोदामातून एक फोन आला: कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्रॅम राहून गेला होता.

खाती जोडायचं काम मात्र कोडहून जास्त वेळखाऊ निघालं. काउंटरवरचा मुलगा आणि मी दोन संध्याकाळी बसून फोन नंबरांवरून जोड्या लावल्या. डी'सोझांच्या तीन खात्यांचं एक झालं, उधारीतून जमा वजा झाली आणि मालकांना दोन महिने न जुळणारा आकडा जुळला. मुलानं त्या खात्यावर आडनाव पुन्हा टाइप केलं, मधल्या चिन्हासकट, आणि एंटर दाबायच्या आधी माझ्याकडे बघितलं. बिल सेव्ह झालं.

डी'मेलोंची दोन खाती अजून तशीच आहेत. फोन नंबर वेगळे आहेत आणि पत्ता दोन्हीकडे नुसता "म्हापसा" एवढाच. ते बाप-लेक असतील किंवा एकच माणूस असेल. पुढच्या वेळी दुकानात येतील तेव्हा विचारून जोडायचं, असं मुलानं वहीत लिहून ठेवलंय.